रोज डझनभर हार्डडिस्क मरतात, तरी क्लाउडवरचा तुमचा फोटो जागेवर कसा राहतो?

समजा तुमचा २०१७ सालचा गोवा ट्रिपचा एक फोटो आहे. फोनमधून तो कधीच डिलीट झालाय, कारण स्टोरेज फुल्ल झालं होतं. पण क्लाउडवर पडलाय, म्हणून तुम्ही निवांत आहात.

आता क्लाउड म्हणलं की डोळ्यांसमोर ढग येतो. प्रत्यक्षात तो फोटो कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, लोखंडी रॅकमधल्या एका डब्यात आहे. तो डबा म्हणजे आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये असायची तीच हार्डडिस्क. आत चकत्या, मिनिटाला ७२०० वेळा गरगर फिरणाऱ्या, आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून तरंगणारी एक सुई. एसएसडी कितीही वेगवान असली तरी प्रचंड साठ्याचा मोठा भार अजूनही हार्डडिस्कच वाहते. कारण सरळ आहे, टीबीमागे ती स्वस्त पडते.

आणि फिरणारी वस्तू म्हणलं की ती कधीतरी बंद पडणार. मिक्सर पडतो, पंखा पडतो, तशी डिस्कही पडते.

किती पडतात, याचा आकडा सहसा कुणी सांगत नाही. याला एक चांगला अपवाद आहे बॅकब्लेझ. अमेरिकेतली ही कंपनी लोकांचा बॅकअप सांभाळते आणि २०१३ पासून आपल्या एकेका डिस्कची रोजची नोंद जगासाठी उघडी ठेवते. २०२४ च्या अखेरीला त्यांच्याकडे ३ लाखांच्या वर डिस्क होत्या आणि त्या वर्षी बिघाडाचं प्रमाण होतं १.५७ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३ लाखांना १.५७ टक्क्यांनी गुणा. वर्षाला साधारण ४७०० डिस्क. म्हणजे दिवसाला बारा-तेरा. दिवाळी असो, रविवार असो, आज बारा जाणार, उद्या बारा जाणार.

बॅकब्लेझ ही या धंद्यातली मध्यम आकाराची कंपनी आहे. गुगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांचा पसारा त्याहून कितीतरी मोठा.

तरी तुमचा फोटो उघडतो. कसा?

११४ वर्षांची डिस्क

सुरुवात डिस्कच्या खोक्यापासून करू. मोठ्या सर्व्हरसाठीची डिस्क घेतली की कंपनीच्या माहितीपत्रकावर एक आकडा असायचा. बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं होतात. पणजोबांनी घ्यावी आणि पणतूने वापरावी अशी डिस्क.

अर्थात त्या आकड्याचा अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ असा, की अशा ११४ डिस्क वर्षभर चालवल्या तर सरासरी एक बिघडेल. म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के. पण प्रत्यक्षात तेवढ्याच बिघडतात का?

२००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातले बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी हे तपासलं. हे गिब्सन म्हणजे १९८८ साली ‘रेड’ ही अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत मांडणाऱ्या तिघांपैकी एक. दोघांनी सुमारे १ लाख डिस्कच्या खऱ्याखुऱ्या नोंदी पाहिल्या. निघालं काय, तर वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं ही सर्रास गोष्ट होती, आणि एके ठिकाणी तर हा आकडा १३ टक्क्यांवर गेला होता. माहितीपत्रक एक सांगत होतं आणि भंगाराची पेटी दुसरंच.

त्याच अभ्यासात आणखी एक मजेशीर गोष्ट नोंदवलेली आहे. एका डिस्क कंपनीचं म्हणणं असं, की गिऱ्हाईकांनी ‘खराब’ म्हणून परत पाठवलेल्या डिस्कपैकी ४३ टक्क्यांमध्ये त्यांना काहीच दोष सापडला नाही. म्हणजे डिस्क ‘मेली’ याची व्याख्याच दोन्हीकडे वेगळी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मरणार हे धरूनच चाला

२००३ साली गुगलच्या तीन इंजिनियर्सनी गुगल फाइल सिस्टिमवर एक पेपर लिहिला. त्यातलं गृहीतकच वेगळं होतं. सुटे भाग बिघडणं हा अपवाद नाही, तोच नियम आहे. महागडी, कधीच न बिघडणारी मशीन शोधत बसायची नाहीत. साधी, स्वस्त मशीन हजारोंनी घ्यायची आणि ती बिघडली तरी काम थांबणार नाही अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्येच करायची.

त्यांची पद्धत सोपी होती. फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर ठेवायच्या. एक गेली तर दोन आहेत. त्या दोनवरून लगेच तिसरी करून घ्यायची.

पण तीन प्रती म्हणजे तिप्पट खर्च. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी गणिताची मदत घेतली गेली. कल्पना अशी. समजा मला ४ आणि ७ हे दोन आकडे जपायचेत. मी तिसऱ्या कागदावर त्यांची बेरीज लिहून ठेवतो, ११. आता तीनपैकी कुठलाही एक कागद हरवू द्या. ७ हरवला तर ११ मधून ४ वजा केले की ७ परत मिळाले. दोन आकडे जपायला मला चार किंवा सहा कागद लागले नाहीत, तिनांत भागलं.

याचंच तगडं रूप म्हणजे रीड-सोलोमन कोड. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन यांनी तो १९६० साली मांडला. तुम्ही तो रोज वापरता. चहाच्या टपरीवरचा यूपीआयचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, त्यावर चहाचा डाग असतो, तरी स्कॅन होतो ना? तो याच गणिताच्या जिवावर.

बॅकब्लेझने ज्या रचनेवर आपली व्यवस्था उभी केली तिच्यात फाइलचे १७ तुकडे होतात, त्यावरून ३ जादाचे बनवले जातात आणि हे २० तुकडे २० वेगवेगळ्या मशीनवर जातात. २० पैकी कुठलेही १७ हाताशी असले की पूर्ण फाइल परत उभी राहते. म्हणजे एकाच वेळी तीन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत, आणि जादा जागा लागली फक्त १८ टक्क्यांच्या आसपास. फेसबुकने जुन्या, क्वचितच पाहिल्या जाणाऱ्या फोटोंसाठी १० अधिक ४ अशी मांडणी केल्याचं २०१४ साली सांगितलं होतं.

यात एक गोम आहे. तुकडे वेगळ्या डिस्कवर असून भागत नाही. त्या डिस्क एकाच रॅकमध्ये असल्या आणि रॅकची वीज गेली, तर सगळे एकदम गायब. त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या विजेच्या लाइनवर, कुठल्या इमारतीत जाईल याचे नियम आधीच ठरवावे लागतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या काहींचा डेटा परत आलाच नाही. एकाच घरात दोन किल्ल्या ठेवून घर जळाल्यावर काय करणार!

मेली हे ओळखायचं कसं?

माणूस गेला की नाडी लागत नाही. डिस्कचं तितकं सोपं नाही.

सेफ नावाची एक मोफत, सगळ्यांना खुली असलेली स्टोरेज यंत्रणा आहे. जगभर चालते, युरोपातली सर्न ही अणुसंशोधन संस्थाही ती वापरते. तिच्यात एखादी डिस्क उत्तर द्यायची थांबली की तिला ‘डाउन’ म्हणतात. पण मेलेली म्हणत नाहीत. सेटिंग बदललेलं नसेल तर यंत्रणा १० मिनिटं वाट बघते. कारण बहुतेक वेळा सर्व्हर रीस्टार्ट होत असतो, नाहीतर वायर हललेली असते. एखाद्याने फोन उचलला नाही म्हणून कुणी लगेच तेराव्याची तयारी करत नाही. १० मिनिटांनीही उत्तर नाही, तर मग तिला ‘आउट’ ठरवायचं आणि तिच्यावरच्या तुकड्यांच्या नव्या प्रती बनवायला घ्यायच्या.

घाई केली तर काय होतं? मोठ्या डिस्कवरचे कित्येक टीबी नेटवर्कवरून इकडून तिकडे धावायला लागतात, आणि डिस्क तर फक्त रीस्टार्ट होत होती. म्हणून देखभालीसाठी मशीन बंद करायची असेल तर ऑपरेटर आधी यंत्रणेला सांगून ठेवतो, ‘बाई, आता थोडा वेळ कुणालाही आउट ठरवू नकोस.’ आणि काम झाल्यावर ती सूचना काढायची विसरला, तर खरी मेलेली डिस्कही तशीच पडून राहते आणि दुरुस्ती सुरूच होत नाही.

मरायच्या आधी कळत नाही का? कळतं, पण भरवसा नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. चकतीवरच्या किती जागा खराब झाल्या, किती वेळा वाचता आलं नाही, असं सगळं त्यात असतं. २००७ साली गुगलच्या संशोधकांनी १ लाखाहून जास्त डिस्क अभ्यासल्या. त्यांना दिसलं, की स्वतःला तपासताना डिस्कला पहिली चूक सापडली, तर पुढच्या ६० दिवसांत ती मरायची शक्यता बिनचुकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट असते. भारी इशारा आहे. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू बघा. मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त अशा होत्या, की त्यांच्या वहीत महत्त्वाच्या चारही खुणांपैकी एकही नव्हती. सकाळपर्यंत ठणठणीत, दुपारी खेळ खल्लास.

बॅकब्लेझ अशा पाच खुणांवर नजर ठेवते. त्यांनी २०१६ साली सांगितलं, की बिघडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये पाचपैकी निदान एक खूण आधी दिसली होती. उरलेल्या जवळपास पाव डिस्क न सांगता गेल्या. उलट, व्यवस्थित चालणाऱ्या ४.२ टक्के डिस्कमध्येही एखादी खूण होतीच. आता ३ लाख डिस्कचे ४.२ टक्के म्हणजे साडेबारा हजार चांगल्या डिस्क. नुसत्या संशयावरून काढायला लागलात तर दिवाळं निघेल.

या सगळ्यात वाईट डिस्क कुठली, माझ्या मते मेलेली नव्हे, अर्धमेली. ती उत्तर देते, पण दहापट वेळ लावून. यंत्रणेला वाटतं आहे जिवंत, म्हणून तिला काम देत राहते, आणि तिच्यापायी बाकीचे सगळे खोळंबतात. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बड्या संस्थांकडून अशा ‘हळू मरणाऱ्या’ हार्डवेअरचे १०१ किस्से गोळा करून पेपर लिहिला. त्यात आजूबाजूच्या कंपनांमुळे मंदावलेल्या डिस्कही आहेत. खोटं वाटत असेल तर २००८ च्या अखेरीचा एक व्हिडिओ यूट्यूबवर शोधा. सन मायक्रोसिस्टिम्सचे ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून जीव खाऊन ओरडतात आणि शेजारच्या आलेखावर डिस्कचा वेग गडगडलेला दिसतो. ओरडल्याने कामं अडतात, हे ऑफिसमध्येच नाही तर डेटा सेंटरमध्येही खरं आहे.

घड्याळ सुरू

डिस्क मेली हे नक्की झालं की शर्यत लागते. पुढची डिस्क मरायच्या आत हिचे तुकडे दुसरीकडे उभे करायचे.

२० टीबीची डिस्क घ्या. सेकंदाला २५० एमबी या वेगाने ती एका नव्या डिस्कवर भरायची म्हणली, तर अखंड २२ तास लागतात. तेही दुसरं काहीच काम नसेल तर. जुन्या पद्धतीत, म्हणजे एका डब्यात पाच-सहा डिस्क असायच्या तेव्हा, हे असंच चालायचं आणि त्या काळात दुसरी गेली की संपलं. शिवाय एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या डिस्क. एकीला जे झालं ते दुसरीलाही होण्याचा धोका जास्तच.

मोठ्या क्लस्टरमध्ये ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवतात. मेलेल्या डिस्कचा एकच वारस नसतो. तिच्यावरच्या तुकड्यांचे भाऊबंद शेकडो डिस्कवर पसरलेले असतात, त्यामुळे शेकडो डिस्क थोडं थोडं वाचतात आणि दुसऱ्या शेकडो थोडं थोडं लिहितात. लग्नाच्या पंगतीत एकाने पाचशे पानं वाढायची की पन्नास जणांनी दहा-दहा, असा फरक आहे. कामाचा क्रमही ठरलेला. ज्या तुकड्याच्या जास्त प्रती गेल्यात त्याचा नंबर आधी. गुगलच्या २००३ च्या पेपरमध्येही हाच नियम आहे.

म्हणजे लक्षात घ्या, मेलेली डिस्क अजून रॅकमध्येच आहे, तिला कुणी हातही लावलेला नाही आणि डेटा पूर्ववत झालेला आहे. त्यामुळे एखाद-दुसरी डिस्क गेली म्हणून मध्यरात्री कुणाला झोपेतून उठवायची गरज पडत नाही. सकाळी शिफ्टवाला येईल आणि काढेल.

आणि खरा घोळ होतो तो इथेच.

पण कुठली काढायची?

सॉफ्टवेअर सांगतं, ‘एसडीएफ’ ही डिस्क गेली. लिनक्समध्ये डिस्कना अशी नावं असतात, एसडीए, एसडीबी, एसडीसी. पण ही नावं म्हणजे दवाखान्यातले टोकन नंबर आहेत. जी डिस्क आधी सापडली तिला आधीचं अक्षर. मशीन रीस्टार्ट झाली, मधली एक डिस्क उठलीच नाही, की तिच्या मागच्या सगळ्यांची अक्षरं सरकू शकतात. काल एसडीएफ म्हणून जिची नोंद केली ती आज एसडीई असू शकते. टोकन नंबरवरून ऑपरेशन करायला घेतलं तर दुसऱ्याच पेशंटचं पोट फाडलं जाईल.

म्हणून डिस्कचा खरा नंबर धरतात. प्रत्येक डिस्कला कारखान्यातून सिरियल नंबर मिळतो, शिवाय जगात एकमेव असा आणखी एक ओळख क्रमांक. हे तिचं आधार कार्ड. ती कुठल्याही मशीनमध्ये लावा, ते बदलत नाही.

छान. सिरियल नंबर मिळाला. तो लिहिलेला कुठे असतो? डिस्कच्या अंगावरच्या स्टिकरवर. आणि स्टिकर वाचायला डिस्क बाहेर काढावी लागते! डब्यात ६० डिस्क शेजारी शेजारी उभ्या आहेत, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. काढल्याशिवाय नंबर दिसत नाही, आणि नंबर पाहिल्याशिवाय काढायची नाही.

चुकीची काढली तर काय होईल? समजा सहा डिस्कचा जुन्या पद्धतीचा संच आहे, ज्यात एक गेली तर चालते. एक गेलेलीच आहे. टेक्निशियनने तिच्या शेजारची धडधाकट उपसली. आता दोन गेल्या. संच तिथल्या तिथे बंद. डिस्कने डेटा घालवला नाही, दुरुस्तीने घालवला. १७ अधिक ३ मध्ये अशी एक चूक पचते. पण तिथेही आधीच दोन गेलेल्या असतील तर तुम्ही थेट काठावर येऊन उभे राहता.

यातली सगळ्यात जुनी चूक तर हास्यास्पद आहे. कितीतरी सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, माणूस एकपासून मोजतो. फोनवरून सांगितलं ‘पाच नंबरची काढ’, समोरच्याने डावीकडून मोजून पाचवी काढली, आणि सॉफ्टवेअरच्या हिशोबात ती चार नंबरची होती. आपल्याकडे ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजला की त्याच्या वरचा यावरून पार्सलवाल्याशी जे भांडण होतं, तेच इथे लाखो रुपयांच्या मशीनवर होतं.

यावर उपाय म्हणजे दिवा. चांगल्या डब्यात प्रत्येक खणाला एक छोटा दिवा असतो आणि तो दूरवरून लावता येतो. सेफमध्ये तर ‘या डिस्कचा दिवा लाव’ अशी आज्ञाच आहे. टेक्निशियन रॅकपाशी जातो, लुकलुकणारा खण बघतो, तीच काढतो. दिव्याची सोय बिघडली असेल तर अनुभवी लोकांची एक युक्ती आहे. मेलेली डिस्क चमकणार नाही, पण बाकीच्या चमकू शकतात. म्हणून शेजारच्या सगळ्या डिस्कना भरपूर वाचायला लावायचं. सगळ्यांचे दिवे फडफडायला लागतात आणि एकच गप्प असते. ती आपली.

पण खरा आधार दिवा नाही, वही आहे. कुठली डिस्क, कुठल्या रांगेत, कुठला रॅक, कुठला डबा, कुठला खण, कधी घेतली, वॉरंटी कधीपर्यंत. गुगलने जाहीर केलेल्या पद्धतीनुसार त्यांच्याकडे आलेल्या उपकरणावर बारकोड लागतो, आणि खरेदीपासून ते नष्ट करेपर्यंत त्याचा ठावठिकाणा नोंदवला जातो. काढताना स्कॅन, लावताना स्कॅन. जुनीचा नंबर आदेशातल्या नंबराशी जुळला नाही तर ती पुन्हा आत.

आणखी एक शिस्त महत्त्वाची वाटते. डिस्क काढायची की नाही, हा निर्णय रॅकसमोर उभ्या माणसावर सोडत नाहीत. आधी यंत्रणेला विचारायचं, ‘ही नष्ट केली तर कुणाचा शेवटचा तुकडा तर जात नाही ना?’ सेफमध्ये यासाठी वेगळी आज्ञा आहे. ती ‘सुरक्षित’ म्हणाली तरच पुढे. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात आज जी डेटा सेंटर उभी आहेत, तिथेही डिस्क बदलणाऱ्या पोराच्या हातात कुणाचा डेटा आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. नंबर जुळला पाहिजे, बस.

ही वही नीट ठेवली की तिच्यातून वेगळ्याच गोष्टी बाहेर पडतात. ते ४३ टक्के आठवतात का, परत पाठवलेल्या पण दोष न सापडलेल्या डिस्क? आता समजा एकाच खणात वर्षभरात तीन डिस्क मेल्या. फक्त डिस्कचे नंबर लिहून ठेवले असतील तर या तीन वेगळ्या घटना दिसतील. खणाचाही नंबर लिहिला असेल तर कळेल, की दोष डिस्कचा नाही, खणाचा आहे, वायरचा आहे, मागच्या जोडणीचा आहे. तीन चांगल्या डिस्क उगीच बदनाम झाल्या.

किंवा मॉडेलचा हिशोब. बॅकब्लेझने २०१२ पासून सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलच्या ४८२९ डिस्क लावल्या होत्या. मार्च २०१५ च्या अखेरीला बघितलं तर २०१२ साली लावलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के कामावर उरल्या होत्या. बाकीच्या बिघडल्या, नाहीतर बिघडतील म्हणून आधीच काढल्या. आता त्या डिस्क आल्या कुठून हेही ऐका. २०११ साली थायलंडला महापूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव चढले. तेव्हा बॅकब्लेझची माणसं दुकानादुकानांत फिरून घरगुती वापराच्या, यूएसबीला लावायच्या डिस्क विकत घ्यायची. कॉस्टकोसारख्या दुकानांनी एका गिऱ्हाईकाला दोनच डिस्क असा नियम लावला, तर यांनी नातेवाईक, मित्र सगळ्यांना कामाला लावलं. मग ऑफिसात बसून प्लास्टिकची टरफलं फोडायची आणि आतली डिस्क सर्व्हरला लावायची. भुईमुगाच्या शेंगा फोडतात तसं. अशी नाना वाटांनी आलेली खरेदी असली की कुठली डिस्क कुठून आली याची नोंद असणं किती गरजेचं, ते वेगळं सांगायला नको.

आणि मेलेली डिस्क जाते कुठं?

काढलेल्या डिस्कवर तुमचा फोटो अजून असू शकतो. डिस्क आपल्या यंत्रणेसाठी मेलेली असते, डेटा काढणाऱ्या तज्ज्ञासाठी मेलेली असेलच असं नाही.

म्हणून मोठ्या कंपन्यांत ती थेट भंगारात जात नाही. पुसता येत असेल तर सगळीकडे शून्य लिहायचं आणि खरंच पुसलं गेलं का हे परत वाचून तपासायचं. पुसता येत नसेल तर चेपून, तुकडे करून टाकायचं. डेटा आधीपासून कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून लिहिलेला असेल तर आणखी सोपं, किल्ली नष्ट केली की डिस्कवर उरतो तो कचरा.

हे केलं नाही तर काय होतं? अमेरिकेतली बडी वित्तीय कंपनी मॉर्गन स्टॅनली. त्यांनी जुने सर्व्हर आणि हजारो हार्डडिस्क काढून टाकायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. डेटा नष्ट करायचा तिला काहीच अनुभव नव्हता. तिने त्यातली उपकरणं पुढे विकली आणि फिरत फिरत काही डिस्क ऑनलाइन लिलावात आल्या. २०१७ साली ओक्लाहोमातल्या एका आयटी सल्लागाराने तशा डिस्क विकत घेतल्या, लावून बघितल्या, आणि थेट मॉर्गन स्टॅनलीलाच ईमेल केला, की तुमचा डेटा मला दिसतोय. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या नियामक संस्थेने कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती नीट सांभाळली नाही, असं तिचं म्हणणं होतं.

त्याच आदेशात आणखी एक प्रकरण आहे. कंपनीने आपल्या स्थानिक कार्यालयांतले सर्व्हर बदलले आणि नंतर कागदोपत्री हिशोब जुळवायला घेतला. तर ४२ सर्व्हर कुठे गेले याचा पत्ताच नव्हता. त्या उपकरणांमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती. ती कित्येक वर्षं कुणी चालूच केली नव्हती.